मामा आली का? : नैरोबीतल्या एका वस्तीतला बायकांचा दिवस

सोनचाफा_नैरोबी

नैरोबीत येऊन तीन वर्षं होत आली. इथल्या वस्त्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं आणि बरेच दिवस टाळतही होते. किबेरात, म्हणजे इथल्या सगळ्यात प्रसिद्ध वस्तीत, जगभरातले लोक येऊन इतके फोटो काढून गेलेत की कॅमेरा दिसला की कसं हसायचं हे तिथल्या पोरांना पाठ झालं असावं. म्हणून किबेरा नको. मी लिहितेय कावांग्वारेबद्दल. शहराच्या पश्चिमेला, लॅव्हिंग्टनच्या बंगल्यांना जवळजवळ खेटून असलेली वस्ती. माझं तिथे जाणं होतं ते एका बाईमुळे.

ती आमच्याकडे आठवड्यातून दोनदा कपडे धुवायला आणि फरशी पुसायला येते. अशा बायकांना इथे 'मामा फुआ' म्हणतात. मामा म्हणजे आई किंवा बाई, आणि फुआ म्हणजे धुणं. भाजीवाली ती मामा म्बोगा. 'मामा आली का गं?' हे स्वतःच्याच तोंडून ऐकून पहिला महिनाभर मला हसू यायचं. शिवाय बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत, थोरल्या मुलाचं नाव लावतात, आपल्याकडे 'बंड्याची आई' म्हणायचे तसं. तर आमची ही मामा ब्रायन. मुलाचं नाव अर्थात बदललंय.

सुरुवात माझ्याच मूर्खपणाने झाली. ॲपवर चार वाक्यं स्वाहिली शिकले होते, ती वापरायची खाज. तिला ऐटीत सांगितलं, "केशो, सा म्बिली." उद्या, दोन वाजता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्कलँड्सला पोहे, गूळ, हिंग वगैरे आणायला गेले. दीडला परतले तर इमारतीच्या फाटकाशी, राखणदाराच्या खोपटाजवळच्या दगडावर ही बसलेली. सकाळी आठपासून! स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो, आठ वाजले की दोन. आपलेही प्रहर सूर्योदयापासूनच मोजायचे की, पण ते आठवलं नंतर.

मी माफी मागत सुटले. ती "हाकुना शिदा" म्हणाली, काही हरकत नाही, आणि बादली कुठे आहे ते विचारलं. राखणदाराच्या फोनवरून तिने मला दोनदा लावला होता, माझा फोन घरी चार्जिंगला. मग परत का नाही गेलीस? तिने जरा नवलाने माझ्याकडे बघितलं. आठनंतर दुसरं काम कोण देणार? सकाळी सातपासून बायका नाक्यावर उभ्या राहतात, साडेआठपर्यंत कुणी बोलावलं तर बोलावलं, नाहीतर घरी. म्हणजे निघून जाण्यात तोटा, बसून राहण्यात निदान आशा.

ते पाच-साडेपाच तास माझ्या डोक्यातून गेले नाहीत. पुढे ओळख वाढली, तिच्या मुलीच्या आजारपणात तिच्याकडे गेले, मग जात राहिले. पैशाची चणचण कुणालाही पहिल्याच भेटीत दिसते. या बायकांचा वेळ कसा खाल्ला जातो, ते दिसायला मला वर्ष लागलं.

ती राहते त्याला 'प्लॉट' म्हणतात. म्हणजे आपली चाळच, फक्त बैठी आणि पत्र्याची. मधे अरुंद अंगण, दोन्ही बाजूंना दहा बाय दहाच्या खोल्या, टोकाला सगळ्यांत मिळून एक खड्ड्याचा संडास. त्याची किल्ली एका खिळ्याला. रात्री बाया एकट्या तिथे जात नाहीत. खोलीत डबा ठेवतात आणि पहाटे ओततात. भाडं महिना साडेतीन हजार शिलिंग, म्हणजे साधारण सव्वादोन हजार रुपये. भाडं थकलं तर मालक दाराला आपलं कुलूप घालून जातो. सामान आत, माणसं बाहेर.

पाणी आठवड्यातून दोनदा येतं, कधी येतं ते कुणालाच माहीत नसतं. नैरोबीला पाण्याची पाळी लागून वर्षं झाली. शहराचं बरंचसं पाणी दूर न्दाकाइनीच्या धरणातून येतं आणि वस्त्यांपर्यंत येताना ते कुणाकुणाच्या हातातून येतं ते विचारू नये. म्हणून आदल्या रात्रीच म्तुंग्यांची रांग लागते. म्तुंगी म्हणजे वीस लिटरचा पिवळा कॅन, मूळचा खाद्यतेलाचा. प्रत्येकीची खूण वेगळी: मुठीला लाल चिंधी, झाकणाऐवजी मक्याचं बुरकुंड, एकीच्या कॅनवर चक्क नेलपॉलिशचा ठिपका. रांग कॅनने लावली तरी राखायला माणूस लागतं. नाहीतर पहाटे तुमचा कॅन चार जागा मागे. मामा ब्रायन पश्चिमेकडची, काकामेगाची. ती कॅन डोक्यावर घेते. शेजारची म्हातारी किकुयू जमातीची आहे, ती कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर ओढते. तिच्या कपाळावर केसांच्या जरा खाली आडवी खोबण पडलीय, बोट बसेल एवढी. मी बघतेय हे तिला कळलं तेव्हा तिने माझा हात धरून त्या खोबणीवर ठेवला आणि हसली.

नळाला पाणी नसेल तर विकत. एरवी कॅनला पाच ते दहा शिलिंग, टंचाईत वीस, कधी त्याहून जास्त. दहाने धरा: हजार लिटरचे पन्नास कॅन, पाचशे शिलिंग. आमच्या इमारतीत, जिथे लिफ्टमध्ये आरसा आहे, हजार लिटर पाणी याच्या निम्म्याहून कमी दरात येतं.

हीच तऱ्हा किराण्याची. 'कादोगो' म्हणजे इवलंसं, इवलं इवलं घेणं. दुकानाला इथे 'दुका' म्हणतात, शब्द आपल्याकडूनच गेलेला. त्या दुकात तेल वीस शिलिंगचं, मापाने, साखर कागदाच्या पुडीत, सॅनिटरी पॅड सुटा एक. धान्याला 'गोरोगोरो' नावाचं दोन किलोचं डब्याचं माप, आपल्या पायलीचं चुलत भावंड. कोळसा 'कासुकू'च्या डब्याने. कासुकू म्हणजे पोपट, एका वनस्पती तुपाचा छाप. डबा माप म्हणून राहिला. महिन्याचं एकदम भरलं तर स्वस्त पडेल हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण आज हातात आजचेच पैसे आहेत. त्यामुळे दुकाची फेरी दिवसातून दोनदा.

संध्याकाळी जेवण बहुतेक ठरलेलं, उगाली आणि सुकुमा विकी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडीसारखा गोळा. सुकुमा विकी ही पालेभाजी, आणि नावाचा शब्दशः अर्थ 'आठवडा ढकल'. मामा म्बोगा ती चिरून देते. डाव्या मुठीत पानांची घट्ट सुरळी, उजव्या हातात झिजून बोटाएवढी राहिलेली सुरी, फळी नाही काही नाही, आणि हिरवा दोरा पिशवीत पडत जातो. आमच्याकडच्या मेथीवाल्या पाहिल्यात, पण असा हात नाही. इथे चिरून देण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. दिवसभर उभं राहून आलेल्या बाईची पंधरा मिनिटं वाचतात, आणि ती मामा म्बोगाची जातात.

आफ्रिकेत इतरत्र राहिलेले कुणी असतील तर जरूर लिहा. कंटाळा आला असेल तर तेही लिहा.

---

तिखटमीठ

चांगलं लिहिलंय, पण एक खुपलं. पाण्याची रांग बघायला नैरोबीपर्यंत कशाला जायला हवं? गोवंडी, मानखुर्दला या. कॅन निळे आहेत, एवढाच फरक. परदेशात गेल्यावर आपल्याला गरिबी दिसायला लागते, मुंबईत असताना गाडीची काच वर असते. राग मानू नका.

---

सोनचाफा_नैरोबी

राग कसला. खरंच आहे. मी अकरा वर्षं पवईत राहिले आणि आमच्याकडच्या मावशी पाणी भरून येतात की कसं, हे एकदाही विचारलं नाही. इथे भाषा येत नव्हती म्हणून प्रत्येक गोष्ट विचारावी लागली, त्यातून हे सगळं.

---

जुना_दारेसलामकर

सत्त्याण्णव ते दोन हजार चार टांझानियात दार एस सलामला होतो. मान्झेसे आणि तांदाले भागातून रोज जायचो. तिकडे रस्त्याकडेला भात, बीन्स, मासळी विकणाऱ्या बायकांना 'मामा न्तिलिए' म्हणतात. म्हणजे 'आई, मला वाढ'. यापेक्षा चांगलं नाव खाणावळीला मी ऐकलेलं नाही. आमच्या गोदामाबाहेर एक बसायची. पहाटे चारला उठून तांदूळ निवडायची. दुपारी पालिकेची गाडी आली की सगळ्या बायका पातेलं डोक्यावर घेऊन पळायच्या. उकळतं पातेलं, हे लक्षात घ्या. एकदा तिच्या दंडावर सांडलं. दुसऱ्या दिवशी फडकं बांधून हजर.

सोनचाफा, तुमच्याकडे बायकांच्या भिशीचा प्रकार असेलच. आमच्याकडे त्याला 'उपातू' म्हणायचे. तिच्यावर लिहा.

---

प्रश्नचिन्ह

थेट विचारतो. तुम्ही मामा ब्रायनला देता किती?

---

सोनचाफा_नैरोबी

अपेक्षित प्रश्न. पहिलं वर्ष दिवसाचे पाचशे शिलिंग, आता आठशे आणि येण्याजाण्याचं भाडं. पाचशे का, तर इमारतीतल्या भारतीय बायकांच्या व्हॉट्सॲप गटात तोच दर सांगितला होता. मी वाढवले तेव्हा त्याच गटात 'तुम्ही रेट बिघडवताय' असंही ऐकून घेतलं. पुण्यातल्या सोसायटीत ऐकलेलं वाक्य, शब्दन् शब्द तेच.

कायदा काय म्हणतो ते नंतर वाचलं. केनियात साध्या कामगाराचं किमान वेतन नैरोबीसाठी मे २०२२ मध्ये महिना १५,२०१ शिलिंग झालं, नोव्हेंबर २०२४ पासून १६,११३. त्या वर्गात घरकामगार येतात, आणि सरकारी यादीत इंग्रजीत अजूनही 'आया' हा आपला शब्द आहे. स्वाहिलीत त्याचंच 'याया' झालं. जुना आकडा २६ दिवसांनी भागला तर रोजचे साधारण ५८५. म्हणजे वर्षभर मी किमान वेतनाच्या खाली होते आणि स्वतःला बरी मालकीण समजत होते. तेही जिला महिन्याचे २६ दिवस मिळतील तिचा हिशेब. मामा ब्रायनला चांगल्या महिन्यात चौदा-पंधरा मिळतात.

---

कोकणातला_बाप्या

पवईच्या मावशींचं वाक्य लागलं. असो. एक विचारायचं होतं. ही बाई काकामेगाची म्हणालात, मग गावाशी संबंध कसा आहे? आमच्या आजोबांची पिढी गिरणीत, आजी गावी. मनीऑर्डरीवर घर चालायचं.

---

सोनचाफा_नैरोबी

अगदी तेच, फक्त इथे आई शहरात आणि पोरं गावी. धाकटी दोघं काकामेगाला आजीकडे असतात. आजीला 'शोशो' म्हणतात. गावाला नैरोबीच्या बोलीत 'उशागो'. मनीऑर्डरच्या जागी एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ पासून. आमच्याकडून निघाली की फाटकाबाहेर उभी राहून आधी दोनशे-तीनशे शिलिंग पाठवते आणि मग चालायला लागते. मी एकदा विचारलं, घरी जाऊन निवांत पाठव की. म्हणाली, वाटेत दुका लागतं.

डिसेंबरात सगळी नैरोबी गावाकडे निघते. तुमच्या गणपतीसारखीच. बसचं भाडं दुप्पट होतं. मागल्या वर्षी ती गेली नाही, भाड्याच्या पैशांत पिठाच्या पिशव्या आणि दोघांचे बूट पाठवले. "बूट गेले, मी पुढच्या वर्षी," असं म्हणाली.

---

औषधवाली

मी औषध कंपनीत, सहा वर्षं नैरोबी आणि आसपास. दोन गोष्टी घालते.

एक, इंधन. लोकांना वाटतं आफ्रिका म्हणजे ऊन. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे, जुलैत पत्र्याच्या खोलीत हुडहुडी भरते. त्यामुळे कोळशाची शेगडी, इथली 'जिको', रात्री आत घेतात. दार बंद, खिडकी नाही. आमच्याकडे खोकल्याचं औषध जुलैत सगळ्यात जास्त खपतं, एवढंच सांगते. २०१८ मध्ये जंगलतोडीवर बंदी आली आणि कोळसा महागला. त्याच वर्षी सप्टेंबरात रॉकेलवर लिटरमागे १८ शिलिंगची आकारणी लागली, कारण डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ होत होती. दोन्हींमागची कारणं बरोबर होती. पण स्वयंपाक दोन्हीकडून महाग झाला, आणि तो करणारी बाईच.

दोन, सुटा पॅड. केनियाने पॅडवरचा कर २००४ मध्येच काढला, आपण २०१८ मध्ये. शाळेतल्या मुलींना पॅड मोफत द्यायचा कायदा २०१७ चा. तरी दुकात सुटा पॅड विकला जातो, यातच काय ते समजा. २०२३ च्या फेब्रुवारीत ग्लोरिया ओर्वोबा या सिनेटर पांढऱ्या पँटवर डाग असतानाच सभागृहात गेल्या, आणि त्यांना बाहेर जायला सांगितलं गेलं. त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पुरुष मंडळी ताटात बघून जेवत होती.

---

तिखटमीठ

परत आलो. ते कपाळावरच्या खोबणीचं डोक्यातून जात नाहीये. पण सगळ्या धाग्यात पुरुष कुठे आहेत? की नेहमीप्रमाणे दारू पिऊन पडलेत?

---

जुना_दारेसलामकर

दारू आहेच, पण सोपं करू नका हो. मी पाहिलेले पुरुष बंदरावर पोती वाहायचे. पाठ गेली की माणूस पस्तिशीत बसला घरी.

---

सोनचाफा_नैरोबी

तेच म्हणते. प्लॉटमध्ये पुरुष आहेत. काही बांधकामावर जातात, त्याला 'म्जेंगो' म्हणतात, आणि तिथेही सकाळी फाटकाशी उभंच राहावं लागतं, घेतलं तर घेतलं. दोघं-तिघं हातगाडीवर पाणी विकतात. चांगा नावाची हातभट्टीही आहे, तीन गल्ल्यांवर, आणि गंमत म्हणजे ती गाळते बाईच. तिच्या दारूमुळे शेजारणींची घरं बुडतात आणि तिची मुलगी नर्सिंग शिकते. मामा ब्रायन तिच्याशी बोलत नाही, पण लेकीची चौकशी करते.

मामा ब्रायनचा नवरा मोम्बासाला कामाला गेला तो पाच वर्षांपूर्वी. पहिली दोन वर्षं पैसे यायचे. त्यापलीकडे तिने कधी सांगितलं नाही आणि मीही उकरलं नाही.

भिशीबद्दल विचारलं होतं. तिला इथे 'चामा' म्हणतात. हिच्या चामात दहा जणी, आठवड्याला प्रत्येकी दोनशे, दर रविवारी एकीचा नंबर, दोन हजार हातात. अंगणात चहा ठेवून बसतात, वही एकीकडे, पैसे मोजणारी दुसरी आणि साक्षीदार तिसरी. एक रविवार मी गेले होते. एक बाई तिच्या वाट्याचे पैसे आणू शकली नव्हती. मला वाटलं आता भांडण होणार. कुणीच काही बोललं नाही, तीच उठली आणि सगळ्यांचे कप धुवायला घेतले. पुढच्या रविवारी चारशे घेऊन आली म्हणे.

---

माई_सोलापूर

आमच्या बचत गटात हप्ता चुकला की दंड दहा रुपये. कप धुवायचं सुचलं नव्हतं. यंदा तुमच्या मामाचा नंबर लागला का? काय घेतलं तिने?

---

सोनचाफा_नैरोबी

माई, मागच्या रविवारी लागला. मला वाटलं मुलीची शाळेची फी देईल किंवा गावाला पाठवेल. प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, पण वस्तीजवळ सरकारी शाळा कमी, त्यामुळे बरीच मुलं पत्र्याच्या खासगी शाळांत जातात आणि तिथे फी पडते. तर नाही. अठराशे शिलिंगला तिने दोनशे लिटरचा जुना प्लॅस्टिकचा ड्रम घेतला. निळा. हातगाडीवरून आणला, सगळा प्लॉट बघायला जमला. खोलीत मावेना, म्हणून दाराबाहेर ठेवलाय.

आता पाणी आलं की ती एकदाच भरते, दहा कॅन. एरवीच्या रात्री रांगेत उठणं गेलं. परवा आमच्याकडे साडेसातलाच आली. तिच्या भाषेत दीड वाजता.

आणि पाणी नसतं त्या दिवशी शेजारणींना त्यातूनच विकते, कॅनला दहा शिलिंग. मी जरा चाचरत विचारलं, शेजारणींना पाचला नाही द्यायचं? म्हणाली, "बिआशारा नी बिआशारा." धंदा तो धंदा.

---

तिखटमीठ

ड्रम दाराबाहेर म्हणालात. झाकणाला कुलूप आहे ना?

---

सोनचाफा_नैरोबी

कुलूपही आहे आणि साखळीही. किल्ली गळ्यात.